सुतळी सर आणि त्यांची माय

सुतळी सरांशी बोलताना एक वाक्य बोललं की थांबावं लागे. तुम्ही विचारलंत, "सर, आज तिसरा तास तुम्ही घ्याल का?" तर सर डोळे मिटत, मान किंचित तिरपी करत आणि पंजा वर धरून म्हणत, "थांबा बाई. पोचू द्या." मग डोळे उघडत आणि म्हणत, "घेतो." एवढ्या साध्या प्रश्नाला एवढा वेळ कशाला, असं नव्या माणसाला वाटे. सरांचं म्हणणं असं, की वेळ सगळ्यांनाच लागतो. बाकीचे लोक वाक्य पोचायच्या आधीच उत्तर देऊन मोकळे होतात, म्हणून तर घरोघरी भांडणं होतात.

निखिल, परवा फोनवर तू तुझ्या नव्या कामाबद्दल सांगत होतास. मेंदूतल्या पेशींसारखं जाळं यंत्रात बांधायचं आणि त्याला माणसांच्या वाक्यांचा अर्थ लावायला शिकवायचं. मग म्हणालास, "जाऊ दे आजी, तुला नाही कळणार." मी म्हटलं, असलं जाळं मी पाहिलेलं आहे, त्यात उभी राहून वाक्यंसुद्धा वाचलेली आहेत. तू हसलास आणि मागून तुझी बहीण ईराही हसली. म्हणून हे लिहायला बसले आहे. दोघांनी मिळून वाचा.

तेव्हा वाशीम हा अकोला जिल्ह्यातला तालुका होता. तुमचे आजोबा तिथल्या कोर्टात वकिली करत आणि मी मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवत असे. सर विज्ञान शिकवायचे. नागपूरला एम.एस्सी. करून ते दोन-तीन वर्षं बंगलोरला एका संस्थेत होते. तिथे एका प्राध्यापकांनी दिवे, तारा आणि फिरवायच्या खुंट्या जोडून एक चौकट बनवली होती. तिच्यासमोर अक्षर धरलं की ती ते ओळखायची, निदान बऱ्याचदा ओळखायची. चुकली की खुंट्या थोड्या फिरवायच्या आणि पुन्हा विचारायचं. सरांचं काम खुंट्या फिरवण्याचं. मग वडील वारले. माय गावी एकटी पडू नये म्हणून सरांनी नोकरी सोडली आणि वाशीमला शाळा धरली. मोठा भाऊ शेलूबाजारच्या पलीकडे शेती करत होता, पण मायचं आणि मोठ्या सुनेचं तेव्हा पटत नव्हतं. म्हणून माय धाकट्याकडे राहायला आली. आमच्याच गल्लीत दोन खोल्यांचं घर, भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली कोनाड्यात सरांची जाडजूड इंग्रजी पुस्तकं, आणि दारात माय.

सुतळी सर हे नाव मुलींनी दिलेलं. सरांच्या खिशात नेहमी सुतळीची गुंडी असे. बाजारातून फाटकी बारदानं आणायची आणि शिक्षकांच्या खोलीत बसून, गप्पा मारता मारता, ती उसवायची. टेबलावर तुसांचा ढीग पडे. आमच्या मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, शिंकत शिंकत म्हणायच्या, "सर, आपल्याला दुसरं काही व्यसन लागत असेल तर बघा ना. तंबाखू परवडली."

त्या सुतळीचं काय करायचे, ते सांगते. शाळेच्या मागे कडुलिंबाखाली मोकळी जागा होती. तिथे नववीच्या मुलींच्या तीन ओळी उभ्या केल्या. पहिल्या ओळीतल्या प्रत्येकीला एकेक शब्द दिला. एक बैल, एक विहीर, एक भाकर, एक चूल, एक सरकी, असं. आपला शब्द कानावर आला की हातातल्या दोऱ्यांना झटका द्यायचा. त्या दोऱ्या मधल्या ओळीकडे जात. मधलीला पुरेसा ओढा जाणवला तर तिने पुढच्या दोऱ्या ओढायच्या, नाहीतर गप्प राहायचं. शेवटच्या ओळीत तिघीच होत्या, हातात पाट्या घेऊन: शेत, घर, बाजार. जिच्या हाताला सगळ्यात जास्त ओढ लागेल तिने पाटी वर करायची. काही ठिकाणी जाड सुतळी होती, काही ठिकाणी शिवणाचा दोरा. सुतळीचा झटका जोरात लागे, दोऱ्याचा जेमतेम. वाक्य वाचायला मी, कारण माझा आवाज रस्त्यापर्यंत जातो असं सगळ्यांचं मत होतं.

मी वाचलं, "मायनं सरकी भिजवली." खसाखस दोऱ्या ओढल्या गेल्या आणि "बाजार" वर झाला. मुली ओरडल्या, "चुकलं, चुकलं! घर पाहिजे!" आणि पाटीवाली विमल रडवेली झाली. सर तिच्याजवळ गेले. "तू काहून रडतं? तुही चूक नाही. दोरीची हाये." त्यांनी सरकीपासून बाजाराकडे जाणारी एक सुतळी सोडली, तिथे दोरा बांधला आणि म्हणाले, "बाई, पुन्हा." हे असं चाले. वाक्य, झटके, पाटी, चूक, गाठ सोडणं, गाठ बांधणं. सर वर्गात शुद्ध बोलायचे, पण दोऱ्या बांधायला लागले की त्यांची बोली आपोआप घरची होई.

एकदा त्यांनी मुलींना विचारलं, "सांगा, वाक्याचा अर्थ यात कुठं आहे?"

विमल म्हणाली, "शेवटच्या पाटीवर, सर."

"पाटी तर तू सकाळपासूनच धरून उभी आहेस. वाक्य आत्ता आलं."

नसीम म्हणाली, "मंग बाईच्या तोंडात." यावर सगळ्या इतक्या हसल्या की मधली ओळ विस्कटली.

"बाईंच्या तोंडात आवाज आहे," सर म्हणाले. "एकेका पोरीजवळ अर्थ नाही. एकेका दोरीतही नाही. सगळ्या मिळून जे करता, त्यात आहे. डोक्यातही असंच चालत असावं. तिथं पोरी फार जास्त आहेत, एवढंच."

मोठ्या बाई व्हरांड्यातून बघत होत्या. "सर," त्या म्हणाल्या, "मुलींच्या डोक्यात काही घालायचं सोडून तुम्ही मुलींचंच एक डोकं करून ठेवलंत." सरांनी डोळे मिटले, वाक्य पोचू दिलं, आणि इतके खूश झाले की ते दिवसभर ज्याला त्याला सांगत सुटले.

पण त्या जाळ्यात एक खोट होती आणि ती सरांना फार सलायची. मी एकदा वाचलं, "मालकानं बैलाला ओढलं." "शेत" वर झालं. मग सरांच्या सांगण्यावरून वाचलं, "बैलानं मालकाला ओढलं." पुन्हा तेच झटके, तेच "शेत". मुली मात्र खिदळल्या. सर कडुलिंबाला टेकले. "पाहिलं बाई? पोरी हसल्या. जाळं नाही हसलं. त्याले शब्द समजले, वाक्य नाही समजलं." मी म्हटलं, दोऱ्याच आहेत सर, त्या कशा हसतील? ते म्हणाले, "डोक्यात तरी दुसरं काय हाये?"

आता मायबद्दल. माय ही त्या गल्लीची जीभ होती. ठेंगणी, काळीसावळी, लुगड्याचा पदर डोक्यावर घट्ट. दारात बसून जाणाऱ्या-येणाऱ्याला काही ना काही चिकटवल्याशिवाय सोडत नसे. मला ती इंग्रजी बाई म्हणायची. "काहो इंग्रजी बाई, आमच्या पोराचं डोकं ठिकानावर हाये ना? घरातलं एक बारदान साबूत नाही ठेवलं त्यानं. उद्या मह्यं लुगडं उसवन." सरांनी लग्न करावं म्हणून ती मागे लागलेली. सर म्हणायचे, विचार करतो. माय म्हणायची, "याचा इचार पोचेपरेंत पोरीची नात लग्नाले येईन." सर सगळ्यात आधी हसायचे. मला वाटतं, ते शाळेतून घरी धावत जायचे ते मायचं आजचं बोलणं ऐकायला.

त्या हिवाळ्यात ज्वारी पाखडता पाखडता माय कलली. अर्धांगवायू. उजवा हात गेला, उजवा पाय ओढत राहिला, आणि जीभ गेली. डॉक्टर म्हणाले, जिवाचा धोका टळला, बाकी सांगता येत नाही. काही दिवसांनी तिच्या तोंडून एक आवाज येऊ लागला. "हूं." काहीही विचारा, हूं. पाणी पाहिजे? हूं. नको? हूं. आणि म्हणताना मान डोलवायची, तोंडावर तेच अर्धं हसू.

सर शाळेत असताना शेजारची एक बाई तिच्याजवळ बसे, आणि शाळा सुटली की मी जात असे. त्याच आठवड्यात सरांचे मोठे भाऊ आले. त्यांना सगळे दादा म्हणत. उंच, रापलेले, मोठ्या आवाजाचे. ते खाटेशी उभे राहिले आणि मायच्या अंगावरून बोलू लागले, जशी ती तिथे नव्हतीच.

"माय तं गेलीच समज. हे नुसतं शरीर उरलं. तू शाळंत जाशीन, हे एकटी पडून राहीन. गावाले नेतो. वसरीत खाट टाकतो. जे काय दिवस हायेत ते काढीन तिथंच."

"दादा, तिच्यासमोर नको बोलू."

"तिले का समजते?"

"समजते."

"समजते? पाह्य." दादा वाकले. "माय, तू म्हैस हायेस का?"

माय मान डोलावून म्हणाली, "हूं."

दादा उभे राहिले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज तसाच मोठा. "पाह्यलं? आन् तू म्हनतं समजते."

सर पांढरे पडले होते. मी पहिल्यांदाच त्यांना न थांबता उत्तर देताना पाहिलं. "मले वेळ दे, दादा. वसरीत टाकशीन आन् कोनी तिच्याशी बोलनार नाही. बोलनं बंद झालं की उरलंसुरलं बी जाईन. तिले कुठं राह्यचं ते तिलेच इचारू."

"हूंच म्हनन ते."

"मह्याजवळ राह्याले नाही म्हनन तवा नेजो."

दादा खिन्न हसले. "गहू-हरभरा निघाला की येतो. तवरिक तुही शाळा भरव. तिनं सोता सांगतलं तं मी तोंड उघडनार नाही." आणि ते गेले.

मुलांनो, सरांची काळजी निव्वळ आई जवळ राहावी एवढीच नव्हती. वसरीतल्या, म्हणजे ओसरीतल्या, खाटेवरच्या माणसाला जेवण मिळतं, पांघरूण मिळतं, पण त्याला कोणी काही विचारत नाही. दादा वाईट नव्हते. त्यांची खात्री झाली होती की आई आत नाही. आणि सरांनाही पुरती खात्री नव्हती की ती आहे. एका संध्याकाळी ते मला म्हणाले, "शब्द तिले समजतात, बाई. भाकर म्हटलं की चुलीकडे पाहते. वाक्य समजत नाही. आपल्या जाळ्यासारखीच झाली ते."

दुसऱ्या दिवशी त्यांनी कडुलिंबाखाली मधल्या ओळीतल्या काही मुलींना खाली बसायला सांगितलं. दोऱ्या जमिनीवर लोळू लागल्या. मी वाक्य वाचलं. पहिली ओळ ओढत राहिली, शेवटच्या ओळीत एकही पाटी हलली नाही. सर नुसतेच बघत होते. मी पुन्हा वाचलं. काहीच नाही. तिसऱ्यांदा वाचलं तेव्हा "घर" वर झालं.

सर चमकले. "कोणी ओढलं?"

नसीम अवघडून उभी होती. एका हातात तिच्या दोऱ्या, दुसऱ्या हातात खाली बसलेल्या शेजारणीच्या. "मी, सर."

"तुला कोणी सांगितलं?"

"कोनी नाही. तिच्या दोऱ्या मातीत लोळून राह्यल्या होत्या. मले कसंसंच वाटलं."

मला वाटलं, प्रयोग बिघडवला म्हणून सर चिडतील. सरांनी डोळे मिटले. मग नसीमच्या डोक्यावर हात ठेवला, मला म्हणाले, "बाई, माझा पुढचा तास तुम्ही घ्या," आणि घराकडे निघून गेले.

त्या दिवसापासून सरांनी मायशी बोलायची पद्धत बदलली. त्यांचं म्हणणं असं, की काही पेशी बसल्या असतील तर शेजारणींना उचलायला लावायचं, आणि त्यासाठी एका वाक्याला जितक्या जास्त दोऱ्या बांधता येतील तितक्या बांधायच्या. "माय, भाकर भाजली," असं म्हणायचं तर भाकर खरोखरच भाजायची, तिचा चांगला हात उबदार भाकरीवर ठेवायचा, वास जाऊ द्यायचा, आणि मग थांबायचं. "पानी गार हाये," म्हणायचं ते तिची बोटं माठाला लावून. एक वाक्य, एक गोष्ट. घाई नाही. मला कोणतीही गोष्ट जागच्या जागी असल्याशिवाय चैन पडत नाही, हे तुम्ही जाणताच. मी एका फळीवर सगळं मांडून दिलं: ज्वारी, कापसाचं बोंड, बांगडी, मिरची, दादांच्या गोठ्यातल्या बैलाच्या गळ्यातली घंटी. मिरचीचं वाक्य सांगताना सरांनाच ठसका लागायचा.

आणि रोज शेवटी दोन वाक्यं. "माय, दादानं बकरी बांधली." थांबायचं. माय म्हणायची, हूं. "माय, बकरीनं दादाले बांधलं." थांबायचं. हूं. दोन्हींना तेच हूं, तेच अर्धं हसू. सर म्हणायचे, शब्द तेच आहेत, सुटे घेतले तर त्यांत हसण्यासारखं काही नाही. जिला वाक्य समजेल तिलाच हसू येईल. रोज ते तिच्या तोंडाकडे बघत बसायचे आणि रोज उठून हात धुवायचे. शेतांत हरभरा पिवळा पडायला लागला होता.

एका दुपारी सर फार थकले होते. त्यांनी पहिलं वाक्य सांगितलं, हूं. दुसरं सांगितलं, हूं. ते उठले, माठाकडे वळले आणि पेला बुडवला. मी फळीवरचं सामान आवरत होते. तेवढ्यात मागून खाट करकरली. मला वाटलं, माय घसरली की काय. वळून पाहते तर तिचं पोट हलत होतं, डावा खांदा हलत होता, तोंडाची एक बाजू वर गेली होती आणि घशातून घर्र घर्र आवाज येत होता. माय हसत होती. नुसतं अर्धं हसू नव्हे, दारात बसून गल्लीला हसायची तसं. बकरीने दादांना बांधलेलं तिला दिसत होतं.

सरांच्या हातातला पेला माठातच राहिला. "पोचलं!" ते म्हणाले. "बाई, पोचलं तिले!" मग भिंतीकडे तोंड करून उभे राहिले, आणि मी मुद्दाम मिरच्या मोजत बसले.

त्यानंतर काही दिवस सरांना भान राहिलं नाही. बैलानं मालकाला ओढलं, भाकरीनं मायले खाल्लं, शिंकेनं मोठ्या बाईंना शिंकलं, असली वाक्यं सकाळ-संध्याकाळ. माय आधी हसली, मग कंटाळली, मग सर खाटेशी आले की तोंड भिंतीकडे फिरवू लागली. मी म्हटलं, "सर, तिला वाक्य समजतंय. तुमचा विनोद संपलाय." तेव्हा कुठे ते थांबले.

त्याच वर्षी शाळा संपताना सरांनी शेलूबाजारकडच्या शाळेत बदली मागून घेतली, आणि पुढे आमचीही बदली झाल्यासारखीच झाली, कारण आजोबांनी नागपूरला वकिली सुरू केली. सरांची चार-दोन पत्रं आली, मग तीही थांबली. त्यांच्यानंतर कडुलिंबाखाली कोणी दोऱ्या बांधल्या नाहीत. पण सर मला आठवतात ते त्या शाळेतले कमी आणि दादा परत आले त्या सकाळचे जास्त. ती सकाळ सांगते आणि थांबते.

दादा एका व्यापाऱ्याची जीप घेऊन आले होते. मागच्या बाजूला गादी अंथरून, वर चादर, उशाला कापसाची उशी. न्यायच्या तयारीनेच आले होते. सरांनी हसण्याची गोष्ट सांगितली. दादांनी ऐकून घेतली. "लहान्या," ते म्हणाले, "हसते तं झोळीतलं लेकरू बी."

"तिलेच इचारू. तसंच ठरलं होतं."

"इचार."

सर खाटेशी उकिडवे बसले. मला कळत होतं की ही अडचणीची जागा आहे. त्यांना आई हवी होती, आणि ती हूं म्हणाली तर दादा म्हणणार, हे तर म्हशीलाही म्हणाली होती.

"माय," सर म्हणाले, आणि तिचा हात दादांच्या हातावर ठेवला. "दादा आला." थांबले. "दादा तुले गावाले नेतो म्हनते." पुन्हा थांबले. मग तोच हात स्वतःच्या हातात घेतला. "मी म्हनतो, मह्याजवळ राह्य."

माय सरांकडे बघत राहिली. इतका वेळ, की दादांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग मायने मान हलवली. वर-खाली नाही. डावीकडून उजवीकडे. एकदा, आणि पुन्हा एकदा, हळू पण साफ.

आजारपणानंतर ती पहिल्यांदाच "नाही" म्हणाली होती.

सर ताडकन उभे राहिले. "नाही म्हनली! दादा, नाही म्हनली ते! पाह्यलं का तू? बाई, तुम्ही पाह्यलं? नाही म्हनली!" आई हातची चालली होती आणि हा माणूस जत्रेतल्या पोरासारखा नाचत होता.

दादांना उमगायला थोडा वेळ लागला. ते खाटेच्या काठावर बसले. "म्हंजे तिले समजलं?"

"समजलं."

"आन् मांगं मी आलो होतो, तवा जे बोललो ते?"

"ते बी आयकलं असन तिनं. शब्द तं सारेच पोचत होते."

दादांनी मायकडे पाहिलं. त्यांचा मोठा आवाज कुठल्या कुठे गेला होता. "म्हैस म्हनलो ते बी, माय?"

माय थांबली. "हूं."

"आन् तरी मह्यासंगं येतं?"

या वेळी ती लगेच म्हणाली, "हूं," आणि चांगल्या हाताने त्यांच्या गुडघ्यावर एक चापट मारली. चांगली जोरात मारली.

का जायचं होतं तिला? मी पुष्कळ विचार केला. घर तिचं ते होतं, नातवंडं तिथे होती, आणि दुखण्यात सुनेने दोनदा येऊन तिचे केस विंचरून दिले होते. किंवा धाकट्याने आता स्वतःचं बघावं असंही वाटलं असेल. तिने सांगितलं नाही आणि आम्हीही पुन्हा विचारलं नाही.

दोघा भावांनी तिला उचलून जीपपाशी नेलं. मागची फळी उघडली. मायने गादीकडे पाहिलं आणि पुन्हा मान हलवली. डावीकडून उजवीकडे.

"आता का झालं?" दादा म्हणाले.

मायने डावा हात उचलून पुढची, ड्रायव्हरशेजारची जागा दाखवली.

"अवं, आडवी पडून ये ना माय. रस्ता खराब हाये."

नाही.

"घ्या आता," दादा माझ्याकडे बघून म्हणाले. "लहान्यानं हिले बोलतं काय केलं, पंचाईतच झाली." पण त्यांचं तोंड फुललं होतं. तिला पुढे बसवलं, उजवीकडून उशीचा टेकू दिला, पदर नीट केला, आणि गादीवर दादा स्वतः चढले, गुडघे पोटाशी घेऊन.

जीप गल्लीच्या टोकाला पोचली. माय ताठ बसली होती, समोर रस्त्याकडे बघत. सरांनी हात वर केला होता आणि तो तसाच वर होता. तिने मागे वळून पाहिलं नाही.

"मान वळत नाही तिची," सर मला म्हणाले.

जीप वळली. थोड्या वेळाने त्यांनी हात खाली घेतला.

"नाही, बाई," ते म्हणाले. "वळायचंच नसन तिले."